पोस्टर नंतर रंगवा, आधी मोजा

मागच्या अंकात मी जाताजाता एक वाक्य लिहिलं होतं, की मुलांना प्रोजेक्टसाठी पुस्तकातला विषय देण्यापेक्षा आजूबाजूचा एखादा खरा प्रश्न द्या, तो त्यांचा त्यांना शोधू द्या आणि जमेल तेवढा सोडवू द्या. त्यावर पत्रांचा ढीग आला, मग बाकी सगळं बाजूला ठेवून हे पान त्यालाच दिलं. सारखी पत्रं एकत्र केलीयत, लांबलचक होती ती कापलीयत, नाव कुणाचंच छापलेलं नाही. आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर, असं वाचा.

ताई नमस्कार, मी आठवीला शिकवते. तुमचं वाचून मुलांना विचारलं की कुठला प्रश्न घ्यायचा, तर सगळे एका सुरात म्हणाले, प्रदूषण. मग पोस्टर झाली, घोषणा झाल्या, फेरी काढली, फोटो काढले. छान वाटलं. पण आठवड्याने मलाच प्रश्न पडला की यात मुलं नक्की शिकली काय? पुढच्या वेळी वेगळं काय करू?

मॅडम, हसू आलं हो वाचून, कारण माझी पहिली दोन-तीन वर्षं अगदी अशीच गेलीयत. प्रदूषण हा प्रश्न नाहीच, ते धड्याचं नाव आहे. वर्गात उभं करून विचारलं की मुलं जे ऐकायला आवडेल ते सांगतात, त्यात त्यांची काय चूक, इतकी वर्षं आपण तेच घेतलंय त्यांच्याकडून. आणि पोस्टरची गंमत अशी की ते काढतानाच आपण धरून चाललेलो असतो की उत्तर आपल्याला माहितीय, फक्त लोकांना माहीत नाही. मग शोधायला उरतं काय?

मी आता वर्गात विषय विचारतच नाही. सरळ अर्धा तास चालायला नेते, शाळेच्या आवारात फिरलं तरी चालतं, आणि एवढंच सांगते की जिथे नाक दाबावंसं वाटलं, वळसा घालावा लागला, ताटकळत थांबावं लागलं किंवा भीती वाटली तिथे वहीत खूण करा. परत आल्यावर फळ्यावर पंधरा-वीस गोष्टी सहज येतात आणि त्यात प्रदूषण हा शब्द एकदाही येत नाही. मग निवडताना बघायचं की मुलांना ते स्वतः जाऊन परत परत बघता येईल का, मोजता येईल का, आणि ते बदलायचं कुणाच्या हातात आहे हे सांगता येईल का. "सरकारने करावं" हे उत्तर चालत नाही, कुठल्या टेबलावरचा माणूस ते सांगा म्हणायचं.

एका वर्षी सातवीच्या पोरांनी गळका नळ निवडला. मला मनातून वाटलं, हे काय, एवढासा विषय. खाली एक लिटरची बाटली लावली, ती २० मिनिटांत भरली. म्हणजे तासाला ३ लिटर, दिवसाला ७२, वर्षाला २६,२८०. आकडा बघून वर्ग वेडा झाला, लगेच कार्डशीट आलं, लाल स्केचपेनने मोठ्ठा आकडा लिहिला, आणि खोटं कशाला बोलू, मी पण खूष होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलाच काय ती बोलायची, ती म्हणाली, "पण बाई, संध्याकाळी शिपाईकाका टाकीचा कॉक बंद करून जातात ना, मग रात्री कसा गळेल?" सगळे गप्प. काकांना जाऊन विचारलं तर कॉक सकाळी नऊला उघडतात, पाचला बंद, आणि सुट्टीत उघडतच नाहीत. म्हणजे ८ तास, दिवसाला २४ लिटर, शाळेचे २२० दिवस धरले तर ५,२८०. तो लाल आकडा खोडायची वेळ आली तेव्हा एकजण म्हणाला, राहू दे ना बाई, कोण बघतंय, २६ हजारच भारी वाटतंय. त्यावरून वर्गात जे भांडण पेटलं तो माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला तास होता आणि मी त्यात एक अक्षर बोलले नव्हते. शेवटी ५,२८० लिहिलं. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागली, ते सोडा.

आमच्या मुलांनी हात धुण्यावर सर्व्हे केला. १०० फॉर्म भरून घेतले, ९६ जण म्हणाले जेवणाआधी साबणाने हात धुतो. पण आम्हाला तर डोळ्यांनी दिसतंय की धुत नाहीत. आता या आकड्यांचं काय करायचं?

सर, ते ९६ जण खोटारडे नाहीत, प्रश्नच तसा होता. "तुम्ही हात धुता का" हे विचारणं म्हणजे "तुम्ही चांगले आहात का" विचारण्यासारखं, नाही कोण म्हणेल? फॉर्म टाकून देऊ नका मात्र, त्याच मुलांना विचारा की तुम्ही स्वतः काय उत्तर दिलं असतं आणि आज सकाळी खरं काय केलंत. सर्व्हेचे प्रश्न कसे नसावेत हे तिथे जितकं चटकन कळतं तितकं माझ्या भाषणाने कधी कळलं नाही. "नेहमी", "सहसा", "तुम्हाला वाटतं का" असले शब्द काढायला लावा, त्याऐवजी "काल", "शेवटचं कधी", "किती वेळा" आणा. आणि फॉर्म शंभर लोकांना देण्याआधी पाच जणांवर वापरून बघा, निम्मे प्रश्न तिथेच बाद होतात.

बघून मोजायचं म्हटलं तर दुसरीच पंचाईत, वही घेऊन नळापाशी कुणी उभं दिसलं की लोक आपोआप हात धुतात. माझ्या पोरांनी दोन दिवस ताळ्याच्या खुणा केल्या आणि आमची शाळा जगातली सगळ्यात स्वच्छ शाळा निघाली. मग एका पोराने डोकं लावलं की माणसं मोजायचीच कशाला, साबण मोजू. सोमवारी वडीचं वजन, शनिवारी परत वजन, किती झिजली ते बघू. भन्नाट होतं ते. पहिल्या आठवड्यात वडीचं वजन वाढलंच, कारण ओली वडी काट्यावर ठेवली होती, मग वाळवून वजन करायचं ठरलं. आणि वाळवून केलं तेव्हा कळलं की वडी झिजलेलीच नाही, कारण तिला कुणाचा हातच लागत नव्हता. आठवडाभर ती ऑफिसच्या कपाटात कुलपात होती, बाहेर ठेवली की लवकर संपते म्हणून. मुलं हात धुण्याचं महत्त्व या विषयावर पोस्टर करणार होती, आता बोला. अज्ञान वगैरे काही नव्हतं, साबणच नव्हता.

म्हणून म्हणते, लोकांना कळत नाही या वाक्याने प्रोजेक्ट सुरू झाला की समजा गाडी घसरली.

माझा मुलगा नववीत आहे. पुढच्या वर्षी बोर्ड. शाळेत हे सर्व्हे आणि फिरणं चालू आहे, अभ्यास कधी करणार? – एक पालक

अहो दादा, हाच अभ्यास आहे. एका गटाने बससाठी किती थांबावं लागतं ते मोजलं, ५, ६, ६, ७ आणि ४६ मिनिटं. सरासरी आली १४. मुलं म्हणाली, पण १४ मिनिटं तर कुणीच थांबलं नाही! मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो, काढला तर ६. गणिताच्या पुस्तकात सरासरी आणि मध्यक शेजारी शेजारी असतात, मुलं दोन्ही काढतात आणि दोन्हीचा अर्थ विसरतात, इथे नाही विसरली. आठवड्याला दोन तास जात असतील तर जाऊ द्या. रोज जात असतील तर मात्र शाळेशी बोला, तेही बरोबर नाही.

ताई, जरा लाजिरवाणं आहे पण लिहितो. आमच्या शाळेचा प्रोजेक्ट स्पर्धेत पहिला आला. विषय मी निवडला, प्रश्नावली मी केली, रिपोर्ट मी रात्री बसून टाइप केला. मुलांनी स्टेजवर पाठ करून छान सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मला झोप नाही.

सर, हे लिहायला धाडस लागतं, आणि तुम्ही एकटे नाही आहात, निम्म्या ट्रॉफ्या अशाच आलेल्या असतात. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली, ८ पायऱ्यांची. खालच्या ३ पायऱ्या त्याने सहभागात धरल्याच नाहीत, तिथे मुलांना मोठ्यांच्या कामासाठी वापरून घेतात, शोभेला उभं करतात किंवा नावापुरतं बोलायला लावतात. स्टेजवर पाठ केलेलं भाषण त्यातच बसतं, माझीही तशी दोन-तीन भाषणं आहेत. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकून घ्यायचं, हे १९८९ च्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, म्हणजे आपण उपकार वगैरे करत नाही.

पण शिडीत मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सगळं मुलांनीच सुरू केलं आणि मुलांनीच चालवलं, ही पायरी सातवी. आठवी, सगळ्यात वरची, अशी की सुरुवात मुलांची पण निर्णय मोठ्यांना बरोबर घेऊन. म्हणजे "तुमचं तुम्ही बघा" म्हणून स्टाफरूममध्ये जाऊन बसणं हे काही मोठेपण नाही. पुढच्या वेळी एकदम वरच्या पायरीवर उडी नका मारू, विषय तुम्हीच द्या हवं तर, पण प्रश्नावली मुलांना करू द्या, कितीही वेडीवाकडी होऊ दे. रिपोर्टमध्ये शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी हात लावू नका. बक्षीस नाही मिळणार बहुतेक. मुलांना मात्र एकदा खरं सांगून टाका की मागचं काम माझं होतं, त्यांना तसंही माहितीय.

आमच्या पोरांनी कचऱ्याची कुंडी कोपऱ्यावरून हलवून घेतली, पुढच्या आठवड्यात बाहेर पडलेला कचरा निम्म्यावर आला. यश म्हणायचं ना?

म्हणा की, पण हळू आवाजात. त्या आठवड्यात सुट्टी होती का? पाऊस होता का? कुंडी उचलणारी गाडी जास्त वेळा आली का? एकच आठवडा आधीचा आणि एकच नंतरचा, यावर फार उड्या मारू नयेत. शक्य असेल तर जिथे काहीच बदललं नाही अशी दुसरी कुंडी पण मोजत राहायची, तिथलाही कचरा निम्म्यावर आला असेल तर तुमच्या कुंडीचं श्रेय गेलं.

या बाबतीत मी मुलांना डॉक्टर जॉन स्नोची गोष्ट सांगते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला, ६०० च्या वर माणसं गेली. तेव्हा बहुतेकांना वाटायचं की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. स्नो घरोघर फिरला, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं, आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेले दिसले. त्याहून भारी म्हणजे त्याने न जुळणारी माणसंही शोधली. पंपाजवळच बिअरची भट्टी होती आणि तिथले कामगार वाचले होते, कारण ते बिअर प्यायचे आणि त्यांची विहीर वेगळी होती. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई गेली, तर कळलं की तिला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती मुद्दाम मागवायची. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. गोष्ट इथे संपवली की टाळ्या पडतात, पण साथ तेव्हा आधीच ओसरायला लागली होती, लोक भाग सोडून पळाले होते, आणि हे स्वतः स्नोनेच लिहून ठेवलंय. दांडा काढणं बरोबरच होतं, पण साथ त्यानेच थांबली असा दावा त्याने केला नाही. तुमच्या पोरांना हे सांगा, मग त्यांना स्वतःच्या कुंडीबद्दल काय लिहायचं ते विचारा.

मुलांनी त्यांच्या प्रश्नावर सरकारी ऑफिसात अर्ज दिला त्याला चार महिने झाले, उत्तर नाही. परवा एक मुलगा म्हणाला, सर आपल्याला कोण विचारतंय. काय सांगू त्याला?

खोटं सांगू नका, एवढंच आधी. तो म्हणतोय ते बऱ्याचदा खरंच असतं. पण सर, अर्ज बघायला आवडेल मला. मुलांचे अर्ज "सविनय विनंती की सदर समस्येवर योग्य ती कार्यवाही व्हावी" अशा भाषेत असतात, आपणच शिकवतो तसं लिहायला, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की नक्की करायचं काय. एका अर्जात एकच मागणी ठेवा, ती कुठल्या जागी हवी ते लिहा, तुमची मोजणी जोडा, आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांनी तीच पोच घेऊन दोन मुलं आणि तुम्ही, जाऊन फक्त विचारा की कुठवर आलं. भांडायला नाही. सरकारी कागद बघायचा हक्क देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला आणि आता शंभराहून जास्त देशांत असे कायदे आहेत, पण ते हत्यार शेवटचं, आधी माणूस भेटतो का बघा.

आणि ज्याच्या सहीची वाट बघताय त्याच्याऐवजी जो प्रत्यक्ष काम करतो त्याला वर्गात बोलवा. आम्ही एकदा दिवे दुरुस्त करणाऱ्या वायरमनना बोलावलं होतं, मुलं तावातावाने प्रश्न घेऊन बसली होती, आणि त्यांनी सांगितलं की एवढ्या मोठ्या भागाला शिडी एकच आहे, ती ज्या दिवशी ज्या बाजूला असेल तिथलेच दिवे होतात. मग मुलांनी अर्ज बदलला, दिवा लावा ऐवजी दुसरी शिडी द्या. मिळाली का? नाही मिळाली, आमच्या रस्त्याचा वार तेवढा ठरवून दिला. पण मुलांना कळलं तरी की अडलंय कुठे.

कृतिसंशोधन हा शब्द आपण सगळ्यांनी ट्रेनिंगला घोकलाय. कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली ते मांडलं तेव्हा सरळ रस्ता नाही, गोल गोल वर चढणारी वाट सांगितली होती, योजना करा, करून बघा, काय झालं ते तपासा, मग परत योजना. तुमचा वर्ग पहिल्या फेरीच्या शेवटी उभा आहे. त्या मुलालाच तपासायला बसवा की अर्ज अडला कुठे. आणि मार्क मुलांच्या नोंदींच्या वहीला द्या हो, प्रश्न सुटण्याला नको, नाहीतर पुढच्या वर्षी मुलं सोपे प्रश्न तरी निवडतील किंवा सुटला असं ठोकून तरी देतील.

अकरावीच्या मुलांनी किटने पाणी तपासलं, पाण्यात जंतू असले की काळी पडते ती बाटली काळी पडली. त्यांना फोटो लगेच ग्रुपवर टाकायचाय, "आपण विष पितोय" असं लिहून. थांबवू का?

हो, आत्ताच्या आत्ता. किटची बाटली काळी पडली म्हणजे शंका घ्यायला जागा आहे, पुरावा नाही झाला. तोटी पुसली होती का, पाणी थोडं वाहू दिलं होतं का, बाटलीच्या तोंडाला बोट लागलं का? परत तीन वेगवेगळ्या नळांवर करा, आणि सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली लावा, तीही काळी पडली तर हात तुमचेच अस्वच्छ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडायला नको, आणि ते सांगायला प्रयोगशाळाच लागते. जंतू मारायला घातलेल्यातलं नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन मात्र मुलांना स्वतः बघता येतं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावं, नसेल तर ती ठोस गोष्ट हातात आली. तोवर घरी पाणी उकळून प्या एवढं सांगायला हरकत नाही, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. विष वगैरे शब्द नकोत. पाणी सोडणाऱ्या खात्याला आधी कळवा, उत्तराला वेळ द्या.

आणि याच निमित्ताने सगळ्यांनाच सांगते, काही प्रश्न मुलांनी दारोदार विचारायचे नसतात. घरात दारू, मारहाण, आजार, कर्ज, हे विषय खरे आहेत म्हणून ते पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात फॉर्म देऊन विचारायचे असं नाही. समोरच्याने नाही म्हटलं की थँक्यू म्हणून निघायचं, नाव लिहायचं नाही, चेहऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नाही, एकटं कुणी जायचं नाही, आणि आपल्या घरच्यांना आधी माहीत पाहिजे.

ताई मी नववीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये पाच जण आहेत, सगळं मीच करते. बाकीचे म्हणतात तुझं अक्षर चांगलंय. आणि लोकांना जाऊन प्रश्न विचारायची मला जाम भीती वाटते, आईला सांगितलं तर ती म्हणते मग कशाला घेतलंस.

अगं, अक्षर चांगलं असणं हा शापच आहे शाळेत, मला पण होता. उद्या ग्रुपला सांग की वही फिरती ठेवूया, रोज वेगळ्याने लिहायचं, तारीख टाकून खाली स्वतःची सही. ज्याचा दिवस कोरा राहील तो कोराच राहू दे, तू भरायचा नाही. खूप हात शिवशिवतील तुझे, तरी नाही. बाईंना ती वही दिसली की बोलावं लागणार नाही काही.

भीतीचं म्हणशील तर अनोळखी माणसापासून सुरुवात कशाला करतेस? आधी ज्यांना रोज बघतेस पण बोलली नाहीस अशा कुणाला तरी विचार, शाळेतल्या शिपाईकाकांना वगैरे. पहिलं वाक्य पाठ करून जा, "मी अमुक वर्गात आहे, आम्ही अमुक गोष्ट मोजतोय, तुमची पाच मिनिटं मिळतील का?" पुढचं पाठ करू नकोस, ऐक फक्त. सोबत ग्रुपमधला तो सगळ्यात जास्त बडबड करणारा असेल ना, त्याला घेऊन जा, त्याला बोलू दे आणि तू लिही. दुसऱ्या दिवशी मात्र उलटं करायचं, लिहायचं त्याने.